जकात आणि हातातला हुनर

रमजानचे रोजे सुरू झाले की जकातीचा हिशेबही सुरू होतो. ज्याच्याकडे निसाबइतकी, म्हणजे धर्माने ठरवलेल्या मर्यादेइतकी शिल्लक वर्षभर राहिली, त्याने तिच्यातील अडीच टक्के रक्कम गरजूंसाठी काढणे इस्लामने बंधनकारक केले आहे. बरेच जण ही रक्कम याच महिन्यात वाटतात. कुणाला धान्य मिळते, कुणाला कपडे, कुणाला शे-दोनशे रुपये. त्या घरची ईद गोड होते. मात्र पुढच्या रमजानलाही तोच माणूस त्याच दारात उभा राहणार असेल, तर जकातीचे काम अर्धेच झाले म्हणायचे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक हकीकत आहे. मदिनेतील एक गरीब माणूस प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. त्याच्या घरी एक जाड कापड आणि पाणी प्यायचे भांडे, एवढेच होते. प्रेषितांनी त्या वस्तू मागवून दोन दिरहमना विकल्या. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला लावली. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि लाकडे तोडून विकायला सांगितले. पंधरा दिवसांनी तो परतला, तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

हजरत दाऊद (अ.) चिलखते बनवत, हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करत. तेव्हा हातकामाला कमी लेखण्यास धर्मात आधार नाही. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका'ची वाट दाखवली, तीही याच विचाराची.

आजची कुऱ्हाड म्हणजे वायरमनचा टेस्टर, वेल्डरचे यंत्र, शिवणयंत्र. आयटीआयमध्ये दहावीनंतर एक-दोन वर्षांत हे शिकता येते. काही ट्रेडना आठवी उत्तीर्णही चालतो. दोन वर्षांचा कोर्स केलेल्याला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पण गरीब घरातील मुलगा अडतो तो एसटीच्या पासापाशी, हत्यारांच्या खर्चापाशी आणि बुडणाऱ्या रोजापाशी. तिथे जकात कामी येऊ शकते. हनफी मताप्रमाणे जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून पात्र विद्यार्थ्याच्या हातात फीची रक्कम द्यावी किंवा हत्यारांची पेटी त्याच्या मालकीची करून द्यावी.

याचा फायदा त्या एकट्याला होत नाही. थोरला कमावू लागला की धाकट्यांची शाळा सुटत नाही. शिवणकामातून चार पैसे आणणाऱ्या मुलीच्या शब्दाला घरात वजन येते, तिच्या लग्नाची घाईही कमी होते. दिवसभर कामात असलेल्या तरुणाला नाक्यावर उभे राहायला वेळ नसतो. आजारपणात सावकाराचे दार गाठावे लागत नाही. पुढे दुकान टाकले की हाताखाली आणखी दोन मुले शिकतात.

गावालाही याचा उपयोग होतो. उरुसात दर्ग्यावर रोषणाई करणारा वायरमन भाद्रपदात गणपतीच्या मंडपातही शिडी लावतो. नळ गळू लागला की कुणी प्लंबरचे आडनाव विचारत नाही, काम चोख आहे का ते पाहतो. अशा रोजच्या व्यवहारातून शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा वाढतो.

यंदा जकातीचा हिशेब मांडताना आपल्या मोहल्ल्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर ठेवावी आणि तिच्या शिक्षणाची पूर्ण जबाबदारी चार घरांनी मिळून घ्यावी. काही वर्षांनी त्याच घरातून जकात निघू लागली, तर दिलेली रक्कम सार्थकी लागली.