दीनबंधू अँड्र्यूज आणि शिष्यत्वाची कसोटी

शुभवर्तमानांत शिष्यत्वाचा आरंभ एका क्षणात झालेला दिसतो. गालील सरोवराच्या काठी कोळी जाळी टाकून उठतात, जकातदार आपली चौकी सोडतो आणि येशूच्या मागे चालू लागतो. पण पुढची हकिगत निराळी आहे. याच मंडळींत श्रेष्ठ कोण म्हणून वाद होतो, आणि संकटाच्या रात्री त्यांतील प्रमुख शिष्य आपण या माणसाला ओळखतच नाही असे शपथेवर सांगतो. वधस्तंभ उचलून मागे येण्याच्या आज्ञेला लूककृत शुभवर्तमानात ‘दररोज’ हा एक शब्द अधिक जोडलेला आहे, तो उगाच नव्हे. घरदार एकदाच सोडता येते. रक्तात मुरलेल्या गोष्टी मात्र रोज सोडाव्या लागतात. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांच्या चरित्रात याचा प्रत्यय येतो.

अँड्र्यूज यांचा जन्म १८७१ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर ते वडिलांचा पंथ सोडून इंग्लंडच्या चर्चमध्ये आले व धर्मगुरू झाले. मार्च १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून दाखल झाले. त्या काळी इंग्रज मिशनरी हा सेवक असला तरी राज्यकर्त्यांच्या जातीचा होता. त्याने एतद्देशीयांशी दयाबुद्धीने वागावे, पण अंतर राखून, असा अलिखित दंडक होता. वंशाचा हा अभिमान आपल्यातही बालपणापासून भिनलेला होता, हे अँड्र्यूज यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा ते इंग्रजाकडेच जावे असा अनेकांचा कल होता. अँड्र्यूज यांनी सुशीलकुमार रुद्र यांचे नाव आग्रहाने पुढे केले आणि स्वतः त्यांच्या हाताखाली काम पत्करले. रुद्र यांच्या मैत्रीमुळेच भारत आपल्याला कधी परका वाटला नाही, असे ते म्हणत.

गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यासाठी निधी जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या हवाली केली आणि विल्यम पिअर्सन यांच्यासह ते स्वतःच निघाले. २ जानेवारी १९१४ रोजी दरबानच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधींची चौकशी केली आणि समोर उभ्या असलेल्या, मजुराचा वेष केलेल्या त्या गृहस्थांच्या पायांना वाकून हात लावला. तेथील गोऱ्या समाजाला हे अतिशय झोंबले. भारतात नित्य दिसणारी ही साधी रीत त्या बंदरावर मात्र वंशव्यवस्थेला दिलेले आव्हान ठरली.

त्याच वर्षी एक अधिक अवघड प्रसंग आला. या वेळी दडपण जगाचे नव्हते, खुद्द चर्चचे होते. उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या अथनेशियसच्या मतांगीकारात, विशिष्ट श्रद्धा न मानणाऱ्यांना कायमच्या नाशाची वाक्ये आहेत. रुद्र यांच्याबरोबरच रवींद्रनाथ ठाकूर व गांधी यांच्यासारख्यांचा सहवास लाभल्यावर ही वाक्ये उच्चारणे अँड्र्यूज यांना अशक्य झाले. त्यांनी धर्मगुरूचे काम थांबवले आणि ते शांतिनिकेतनात राहू लागले. ख्रिस्ताला सोडले, असा अर्थ पुष्कळांनी काढला. वास्तविक, ख्रिस्ताशी खरे राहण्यासाठीच त्यांनी हे केले होते. ही गोष्ट त्यांच्या जवळच्यांनाही सहजी पटली नाही, आणि त्या गैरसमजाचे दुःख त्यांना दीर्घकाळ सोसावे लागले.

१९१५ मध्ये पटकीच्या दुखण्यातून उठल्यावर ते सिमल्यास विश्रांती घेत होते. नाताळमध्ये पाहिलेला, पाठीवर फटक्यांचे वळ असलेला, भीतीने आक्रसलेला एक मजूर तेथे त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि पाहता पाहता त्याच्या जागी ख्रिस्ताचा चेहरा दिसू लागला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुबळ्या प्रकृतीच्या माणसाने स्वस्थ पडून राहावे, हाच निसर्गाचा सल्ला असतो. अँड्र्यूज त्याच वर्षी पिअर्सन यांच्यासह फिजी बेटांकडे निघाले.

१८७९ पासून सुमारे साठ हजार हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे त्यांच्याच भाषेत ‘गिरमिटा’वर, फिजीच्या उसाच्या मळ्यांत गेले होते. भरतीत शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, एवढेच प्रमाण राखले जाई. त्यातून कुटुंबजीवन उद्ध्वस्त झाले. खून व आत्महत्या वाढल्या. या दोघांचा अहवाल १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत बंद करण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले, तरी भरती आणखी काही वर्षे चालणार असे कळताच अँड्र्यूज यांनी पुन्हा आवाज उठवला. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. ‘दीनबंधू’ हे नाव त्यांना याच कामामुळे लाभले.

अँड्र्यूज स्वभावाने अत्यंत भावनाशील होते. मित्रावर जीव टाकावा आणि त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये, ही त्यांची मूळ प्रवृत्ती. सत्ताधाऱ्यांना विरोध करण्यापेक्षा ही प्रवृत्ती आवरणेच त्यांना अधिक कठीण गेले असावे. तरीही १९१८ मध्ये गांधी महायुद्धासाठी सैन्यभरती करू लागले, तेव्हा अहिंसेशी हे कसे जुळते, असे त्यांनी विचारले. १९२१ मध्ये परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. आपल्याच मानवबंधूंनी हातांनी घडवलेली वस्तू जाळणे त्यांना साहवले नाही. गांधींनी दिलेली खादी अंगावर घालायचीही आता भीती वाटते, कारण ती घालून आपण इतरांहून पवित्र आहोत असे मिरवणाऱ्या परूश्यासारखे दिसू, असे त्यांनी कळवले. गांधींनी ते पत्र आपल्या ‘यंग इंडिया’त छापले आणि आपली बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली. कापडाच्या होळ्या त्यामुळे थांबल्या नाहीत. दोघांची मैत्रीही तुटली नाही.