आपल्याच गांवचा पाहुणा

श्रोतेहो, परगांवचा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला काय दाखवितों? साताऱ्यास आला तर अजिंक्यतारा, सांगलीस आला तर कृष्णाकांठचें गणपतीचें देऊळ आणि आयर्विन पूल. तेवढें झालें कीं, "याहून आमच्याकडे पाहण्यासारखें कांहीं नाहीं," असें म्हणून आपण मोकळे होतों. आज मला या वाक्याविरुद्ध थोडें बोलावयाचें आहे. हें वाक्य मीं स्वतः पुष्कळ वर्षें उच्चारलेलें असल्यामुळें तसें बोलण्याचा मला अधिकार आहे, असें मी समजतों.

प्रथम माझा अपराध सांगतों. साताऱ्यांतील एका शाळेंत मीं छत्तीस वर्षें शिक्षकी केली. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. गणितांत यथातथाच, पण चित्रकलेंत हात विलक्षण. एकदां तो म्हणाला, "गुरुजी, औंधास रविवर्म्याचीं खरीं चित्रें आहेत म्हणे. आम्हांला न्याल का?" परीक्षा तोंडावर आली होती. "आधीं त्रैराशिकें पुरीं कर," असें सांगून मीं त्याला वाटेस लावलें. पुढें शाळा सोडून तो पोटामागें मुंबईस गेला. खरी गोष्ट अशी कीं, त्या वेळीं मीं स्वतःच औंध पाहिलें नव्हतें!

सातारा ते औंध हें अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. वाट रहिमतपुरावरून जाते. यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं तें १९३८ सालीं उभारलें. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचें नांव घरोघर ठाऊक आहे. पण ते स्वतः कसलेले चित्रकारहि होते. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांचीं चित्रें येथें आहेत. आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकारानें घडविलेली माता व बालक यांची पाषाणमूर्तीहि आहे. जी वस्तु पाहण्यासाठीं युरोपांतील लोक तिकीट काढून रांगेंत उभे राहतील, ती आपल्या माणदेशाच्या वेशीवर स्वस्थ बसलेली आहे.

रांगा आपल्याकडेहि लागतात. २०२४ च्या जुलैंत लंडनहून आलेलीं वाघनखें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत मांडलीं गेलीं, तेव्हां केवढी गर्दी लोटली! त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु जी वस्तु बारा महिने आपलीच आहे, तिच्याकडे मात्र आपण पुढच्या वर्षीं जाऊं म्हणतों, आणि तें पुढचें वर्ष येत नाहीं.

चित्रशाळा म्हणजे केवळ भिंतीवरचीं चित्रें, असेंहि मानूं नये. मिरजेस सतारमेकर गल्लींत जा. तेथील दुकान हेंच प्रदर्शन आणि दुकान हाच कारखाना. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानी फौजांचें काम ओसरलें, तेव्हां फरीदसाहेबांसारख्या कुशल माणसांनीं आपला हात तंतुवाद्यांकडे वळविला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मोठे भोपळे वाळवून, कापून, त्यांवर लाकडी गळा व तबकडी बसवितात. शेवटीं घोडीचा माथा किंचित् किंचित् घांसून जव्हारी लावितात. हें शेवटचें काम सर्वस्वीं कानाचें. तंबोऱ्याचा स्वर गुंजूं लागतो तो क्षण तेथें उभें राहून ऐकावा. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कारागिराचें काम न खोळंबवितां नम्रपणें विचारलें, तर तो आनंदानें माहिती सांगतो, असा माझा अनुभव आहे.

आतां चहाकडे वळूं. आज ज्या चहावांचून आपली सकाळ उजाडत नाहीं, त्याच चहापायीं १८९० सालीं पुण्यांत केवढें वादळ उठलें होतें! पंचहौद मिशनमध्यें लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे इत्यादि मंडळी एका सभेस गेलीं. तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं. आणि पुढें प्रकरण ग्रामण्यापर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत पोहोंचलें. ही हकीकत ध्यानांत ठेवून चौकांतल्या अमृततुल्याच्या बांकावर बसावें. पितळी पातेल्यांत चहा उकळतो आहे, खलबत्त्यांत आलें आणि वेलदोडा कुटला जातो आहे. शेजारीं हमाल, पलीकडे वकील, आणि एकच वर्तमानपत्र दोघांच्या हातीं अर्धें अर्धें. कोणी कोणास जात विचारीत नाहीं. त्या अर्ध्या पेल्याची किंमत पैशांत होण्यासारखी नाहीं.

खानावळीचेंहि तसेंच. पूर्वीं गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यांत वसतिगृह काढलें, तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस बसलीं; १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव दिलें गेलें. आज साध्या खानावळींत आपण कोणाच्याहि शेजारीं पाट ओढून बसतों, त्यामागें एवढी पुण्याई आहे.

स्वस्त आणि चांगली खानावळ ओळखावी कशी? माझे आडाखे साधे आहेत. पाटी पाहूं नये, दुपारीं एक वाजतां दाराशीं असलेल्या चपला पाहाव्या. जेथें कारकून, मोटारहांके आणि परगांवचे विद्यार्थी रोज जेवतात, तेथें अन्न शिळें राहत नाहीं. पदार्थांची यादी जितकी आंखूड, तितकें जेवण ताजें. भाकरी तव्यावरून थेट ताटांत येते कीं नाहीं, तें पाहावें. शिवाय ज्या गांवचें जें, तें तेथें खावें: साताऱ्यास खरपूस भाजलेल्या खव्याचा, बेताच्या गोडीचा कंदी पेढा, सांगलीस लसूण, मिरची आणि शेंगदाणे घातलेलें भडंग, इस्लामपूर-कऱ्हाडच्या वाटेवर अख्खा मसूर.

आणखी एक सांगतों. यांतलीं पुष्कळ लहान स्थळें कोणाच्या अनुदानावर चालत नाहींत, तीं येणाऱ्या पावलांवर चालतात. आपण गेलों नाहीं, तर एके दिवशीं दाराला कुलूप दिसेल, आणि मग आपण हळहळूं. ती हळहळ फुकटची होय.

माझा तो विद्यार्थी गतवर्षीं दिवाळीस भेटावयास आला. केस पिकलेले, बरोबर शाळेंत जाणारी मुलगी. मीं दोघांनाहि औंधास नेलें. रविवर्म्याच्या चित्रापुढें तो पुष्कळ वेळ उभा राहिला. मग अगदीं जवळ जाऊन लुगड्याच्या जरीवरचे रंगाचे फटकारे पाहूं लागला. छापील चित्रांत ते दिसत नाहींत. "गुरुजी, त्या वेळीं हें पाहिलें असतें तर..." एवढेंच तो बोलला, आणि वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. मलाहि तें पुरें करण्याचा धीर झाला नाहीं. मुलगी मात्र खालीं फरशीवर बसून वहींत कांहीं काढीत होती. संग्रहालय बंद होण्याची वेळ झाली, तरी तिला उठवावें असें आम्हां दोघांसहि वाटेना.

श्रोतेहो, आपल्याहि घरांत असें एखादें मूल असेल. परीक्षा दर वर्षीं येतच राहतील. येत्या सुट्टीस त्याचें बोट धरून बाहेर पडा, आणि एक दिवस आपल्याच गांवचे पाहुणे व्हा.