काचेवरची काच

मुलांनो, जून महिन्यात शाळा सुरू झाली की नवी पुस्तके हाती येतात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्यांना खाकी कागदाची कव्हरे घालता. वर्षभरात कव्हर मळते, कोपऱ्यांवर फाटते. पण आतले पुस्तक चांगले राहते आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडते.

मोबाइलच्या दुकानात अशीच एक वस्तू मिळते. मोबाइलच्या पडद्यावर चिकटवायची ती पातळ, पारदर्शक काच होय. कोणी तिला स्क्रीन गार्ड म्हणतात, कोणी टेम्पर्ड ग्लास म्हणतात, तर बरेच जण नुसते 'ग्लास' म्हणतात. मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये या ग्लासवरून नेहमी वाद होतो. एक म्हणतो, "ग्लास लावली की मोबाइल फुटतच नाही." दुसरा म्हणतो, "ग्लास लावली की बोट नीट चालत नाही आणि आपण हरतो." या दोघांत खरे कोणाचे? आज आपण याचाच विचार करू.

आपल्या धर्माबादमध्ये बहुतेक घरांत खेळण्यासाठी वेगळे यंत्र नसते. अब्बूंचा किंवा भाईजानचा मोबाइल संध्याकाळी थोडा वेळ हातात मिळतो, तेवढाच. त्याच मोबाइलवर अब्बूंना मिरचीच्या बाजारातील भाव कळतो. त्यावरच आपाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो आणि नांदेडहून खालाचा फोनही त्याच्यावरच येतो. म्हणजे तुम्ही ज्यावर खेळता, ती वस्तू साऱ्या घराची असते. तिचा पडदा फुटला तर दुरुस्तीला काही हजार रुपये लागतात. म्हणून हा प्रश्न लहान वाटला तरी लहान नाही.

प्रथम काचेला ओरखडा कशामुळे पडतो ते पाहू. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी १ ते १० अशी एक श्रेणी तयार केली. तिच्यात संगजिरे सर्वांत मऊ, म्हणून त्याचा क्रमांक १. हिरा सर्वांत कठीण, म्हणून त्याचा क्रमांक १०. नियम सोपा आहे. कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा पाडतो. मऊ पदार्थ कठीण पदार्थावर पाडू शकत नाही. या श्रेणीत आपले नख सुमारे अडीचवर येते आणि काच साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान येते. गारगोटीचा क्रमांक मात्र ७ आहे.

हा अनुभव तुम्हीही घेऊ शकता. एक टाकाऊ काचेची बाटली घ्या. मात्र ती फुटकी नसावी. तिच्यावर नखाने रेघ ओढा. काहीच उमटणार नाही. मग स्टीलच्या चमच्याने ओढा. एखादी रेघ दिसली तरी ती बहुधा पुसली जाईल, कारण ती चमच्याच्या धातूची असते. आता गारगोटीच्या टोकाने रेघ ओढा. ती पुसली जाणार नाही. तोच खरा ओरखडा!

आता विचार करा, गारगोटी आपल्या आसपास कोठे असते? गोदावरीच्या वाळूत पाहा. त्या वाळूचे पुष्कळसे कण गारगोटीच्याच जातीचे असतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइटचे खडक आहेत. ग्रॅनाइट झिजला की त्यातील गारगोटीचे कण मातीत मिसळतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ते धुळीबरोबर उडतात आणि आपल्या खिशात, दप्तरात व गादीवर येऊन बसतात. खिशातल्या किल्लीला आपण घाबरतो. पण मोबाइलची खरी शत्रू किल्ली नव्हे, तिच्या शेजारी बसलेली वाळू आहे. गेम खेळताना बोट पडद्यावर पुन्हा पुन्हा घासते. बोटाखाली एक कण जरी आला, तरी तो काचेवर बारीक रेघा ओढत जातो.

"रेघा पडल्या म्हणून काय झाले? दिसते तर सगळे," असे तुम्ही म्हणाल. पण तसबिरींना चौकट लावणाऱ्या दुकानात जाऊन पाहा. कारागीर काच कशी कापतो? तो पट्टी ठेवून काचेवर हिऱ्याच्या कलमाने फक्त एक रेघ ओढतो. मग दोन्ही बाजूंनी हलकासा दाब देतो. काच बरोबर त्या रेघेवर तुटते. ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२१ साली या गोष्टीचे शास्त्रीय कारण मांडले. काचेवर बारीक भेग असली की ताण त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि काच तेथूनच फुटू लागते. म्हणजे आज पडलेला ओरखडा हा उद्याच्या फुटीचा आरंभ असू शकतो.

मोबाइल बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून ते पडद्यासाठी साधी काच वापरत नाहीत. विशेष प्रकारची काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. त्या क्षाराचे तापमान सुमारे ४०० अंश सेल्सिअस असते. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन बसतात. भरलेल्या बसमध्ये बारीक माणूस उठून त्याच्या जागी जाड माणूस बसावा, तसे हे होते. पृष्ठभाग दाटीवाटीने आवळला जातो आणि त्यातील भेग सहज उघडत नाही. अशी काच पुष्कळ मजबूत असते. तरीही गारगोटीपुढे ती काचच! तिच्यावर ओरखडा पडू शकतो.

वर चिकटवलेल्या ग्लासचे काम आता तुमच्या लक्षात आले असेल. वाळूचे कण तिच्यावर घासतात आणि ओरखडे ती झेलते. टोकदार खडा समोरून आदळला तर बऱ्याच वेळा आधी तीच तडकते. मग ती काढून टाकावी व नवी बसवावी. ती साधारण एक-तृतीयांश मिलिमीटर जाड असते आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती स्वतः खराब होते आणि खालची काच वाचवते. पुस्तकाच्या कव्हराचे कामही हेच नाही का?

परंतु दुकानातील सर्वच गोष्टींवर विश्वास ठेवू नका. ग्लासच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत '९ एच' असे छापलेले असते. मोस यांच्या श्रेणीतला हा नववा क्रमांक आहे, हिऱ्याच्या खालोखाल आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. 'एच' हा पेन्सिलीचा क्रमांक आहे. तुमच्यापैकी जे एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसले असतील, त्यांना एचबी, २ बी, २ एच अशा पेन्सिली माहीत आहेत. '९ एच' याचा अर्थ एवढाच, की ९ एच या अतिशय कठीण पेन्सिलीनेही त्या काचेवर ओरखडा पडत नाही. पेन्सिलीने तर साध्या काचेवरही ओरखडा पडत नाही. म्हणून हा आकडा पाहून जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

ग्लासची आणखी एक मर्यादा आहे. मोबाइल हातातून निसटला की पुष्कळदा कोपऱ्यावर पडतो. तेव्हा धक्का चौकटीतून सरळ खालच्या काचेच्या कडेला बसतो. वर चिकटवलेली ग्लास तेथे फारसे काही करू शकत नाही. कोपऱ्यांना जपायचे असेल तर पडद्याच्या कडेपेक्षा थोडे वर आलेले रबरी कव्हर हवे. ग्लास ओरखड्यांसाठी आणि कव्हर पडण्यासाठी, असे लक्षात ठेवा.

आता गेम खेळणाऱ्याची तक्रार पाहू. ग्लास लावल्यावर बोट खरेच नीट चालत नाही का? मोबाइलच्या पडद्याखाली विजेचे वहन करणाऱ्या पारदर्शक पदार्थाचे फार पातळ जाळे असते. आपले शरीरही विजेचे वाहक आहे. बोट जवळ आले की त्या जाळ्यावरील विद्युतभारात किंचित बदल होतो. बोट कोठे आहे, हे यंत्र त्यावरून ओळखते. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. तेव्हा विचार विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचा होता, खेळाचा नव्हता!

बोट आणि जाळे यांतील अंतर वाढले की हा परिणाम कमी होतो. म्हणून फार जाड ग्लास, मध्ये राहिलेली हवा किंवा अडकलेली धूळ यांमुळे स्पर्श चुकू शकतो. फक्त कडेला गोंद असलेली ग्लास असेल तर मध्ये पोकळी राहते आणि तक्रार वाढते. पूर्ण पृष्ठभागावर गोंद असलेली पातळ ग्लास नीट बसवली, तर बहुतेक मोबाइलमध्ये काही फरक जाणवत नाही. काही मोबाइलमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोयही दिलेली असते. ज्यांचे बोट घामाने अडखळते, त्यांना चकाकी नसलेली खरखरीत फिल्म आवडते. तिच्यावर उन्हाची तिरीप कमी पडते. पण चित्र थोडे रवाळ दिसते.

सर्व यंत्रे सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००४ साली 'डीएस' नावाचे हातात धरून खेळायचे यंत्र काढले. त्याचा खालचा पडदा बोटाने किंवा लेखणीसारख्या काडीने दाबावा लागे. दाबल्यावर दोन पातळ थर एकमेकांना टेकत. अशा पडद्यावर कडक काच लावून चालत नाही. तेथे मऊ, पातळ फिल्मच हवी. त्याच कंपनीच्या २०१७ सालच्या 'स्विच' या यंत्राचा पडदा वरून प्लॅस्टिकचा होता. प्लॅस्टिक काचेपेक्षा मऊ असते, म्हणून त्याला गार्डची गरज अधिक. २०२१ सालच्या 'स्विच ओलेड' यंत्राच्या काचेवर कारखान्यातूनच एक फिल्म लावून येते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत, यासाठी ती असते. ती सोलून काढू नये, अशी सूचना कंपनीने दिली आहे. तात्पर्य, काही चिकटवण्यापूर्वी किंवा सोलण्यापूर्वी यंत्राबरोबरचा कागद वाचावा.

आता एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या हातून वडिलांचा मोबाइल पडला. पडद्याच्या कोपऱ्यात एक केसासारखी भेग आली. मार बसेल या भीतीने त्याने ईदीच्या पैशांतून ग्लास आणली आणि भेगेवर बसवली. भेग झाकली गेली. कोणाला काही कळले नाही. दोन महिने तो त्याच मोबाइलवर खेळत राहिला आणि भेग आतल्या आत वाढत राहिली.

त्याचे वडील मालवाहू रिक्षा चालवतात. मिरचीच्या हंगामात एका सकाळी त्यांना फोन आला. पडद्याचा खालचा भाग बोटाला जुमानेना. फोन वाजत राहिला. तो उचलता आला नाही. त्या दिवसाचे भाडे दुसऱ्याला मिळाले. संध्याकाळी मुलाने रडत रडत सारे सांगितले. वडील एवढेच म्हणाले, "बेटा, काच तर कोणाच्याही हातून फुटते. पहिल्याच दिवशी सांगितले असतेस, तर मी दुरुस्त करून घेतला नसता का?"

मुलाने दुसऱ्या दिवशी हे मला सांगितले, तेव्हा मीही थोडा वेळ गप्प राहिलो. त्या ग्लासने आपले काम चोख केले होते. तुकडे धरून ठेवले, कोणाचे बोट कापू दिले नाही. पण फुटलेली काच जोडणे हे तिचे काम नव्हे. ग्लास चांगल्या पडद्याला जपण्यासाठी असते, फुटलेला पडदा लपवण्यासाठी नसते.

मग ग्लास लावावी की लावू नये? मोबाइल घरातील अनेकांच्या हातात जात असेल, धुळीत आणि खिशात राहत असेल, तर पातळ व साधी ग्लास अवश्य लावावी. एखादे यंत्र फक्त घरात, पिशवीत ठेवून वापरले जात असेल आणि त्याचा पडदा काचेचा असेल, तर ग्लासवाचूनही चालते. मात्र तेथे मऊ कापडाने धूळ पुसण्याची सवय हवी. पुसण्याआधी कण हलकेच झटकावेत; जोराने घासले तर कापडाखालचा कणच ओरखडा पाडतो.

ग्लास बसवताना हात स्वच्छ धुवा. पंखा बंद करा, म्हणजे धूळ उडणार नाही. पडदा कोरड्या कापडाने पुसा. ग्लास एका कडेने टेकवून सावकाश खाली सोडा. ती तडकली की त्याच दिवशी काढा, कारण तिच्या धारेने बोट कापते. आणि ग्लास किंवा पडदा आपोआप वर उचललेला दिसला, तर तो दाबून बसवू नका. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा मोबाइल चार्जिंगला लावू नका, लगेच बंद करा आणि घरातील मोठ्यांना सांगा.

आज घरी गेल्यावर मोबाइल हातात घ्या. खेळण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. तो उजेडात तिरपा धरा. त्यावर किती रेघा आहेत, कोपऱ्यात एखादी भेग आहे का, ते पाहा. भेग दिसली आणि ती कशी आली हे तुम्हांला ठाऊक असेल, तर अब्बूंना आजच सांगा.