कापलेली स्प्रिंग आणि माझा चुकलेला निष्कर्ष

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले आणि ट्रॅकवर लॅपमागे 2 सेकंद वाचले. 2 सेकंद वाचले हे खरं, पण ते स्प्रिंगमुळे वाचले हे चूक. ती पोस्ट वाचून एम.एस्सी.च्या एका मुलाने मला कळवलं, "ताई, उद्या मी पण घरच्या गाडीच्या स्प्रिंगा कापतोय." मी लगेच फोन करून त्याला थांबवलं. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. छापलेल्या चुकीच्या निष्कर्षाचंही तसंच असतं. तुम्ही संशोधनात उतरायच्या तयारीत आहात, म्हणून नेमकं काय चुकलं ते सविस्तर सांगते.

गाडी मामाची, प्रीमियर पद्मिनी. फियाट 1100 च्या आराखड्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सगळ्यांच्या ओळखीची. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. ही गाडी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर बरी पळावी एवढीच माझी इच्छा होती. सस्पेन्शनसाठी हातात होते एकूण 30 हजार.

पहिल्या फेरीला गाडी जशी होती तशी नेली. टायर झिजलेले, शॉकअप मेलेले. मग पुण्यात येऊन एकाच आठवड्यात तीन कामं उरकली: रेडियल टायर, नवे शॉकअप आणि कापलेल्या स्प्रिंगा. दुसऱ्या फेरीला 2 सेकंद कमी लागले. यातल्या टायर-शॉकअपला पैसे लागले होते आणि स्प्रिंग कापणं फुकटात झालं होतं. फुकटातली युक्ती सांगायला मजा येते, म्हणून श्रेय मी तिला दिलं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि निकालाला आवडती गोष्ट चिकटवली. प्रयोगशाळेत ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

आता भौतिकशास्त्र बघू. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा 8 वेढे आहेत. दीड कापले की उरले साडेसहा. 8 भागिले 6.5 म्हणजे 1.23, म्हणजे स्प्रिंग 23 टक्के कडक झाली. इथपर्यंत ठीक.

पण गाडी खालीही आली. समजा चाकाला वर सरकायला 80 मिमी जागा होती आणि गाडी 40 मिमी बसली. म्हणजे जागा निम्मी झाली. चाकावर किती जादा भार आला की ते रबरी बंप-स्टॉपवर आदळेल? भार म्हणजे कडकपणा गुणिले अंतर. आधीच्या तुलनेत तो आता 1.23 गुणिले 0.5, म्हणजे 0.615 झाला. आधी जेवढा भार सहज पेलला जायचा, त्याच्या 62 टक्क्यांनाच आता चाक स्टॉपवर जातं. खाली आलेल्या गाडीला निदान दुप्पट कडक स्प्रिंग हवी होती. मी दिली सव्वापट.

वळणात बाहेरचं पुढचं चाक स्टॉपवर टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो. मग वळणातल्या भाराचा मोठा वाटा पुढच्या बाहेरच्या टायरवर पडतो. टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. त्यामुळे पुढची जोडी आधी हार मानते, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. दुसऱ्या फेरीत हे मला जाणवत होतं. मी ते 'माझं ड्रायव्हिंग कच्चं' या खात्यात टाकलं.

"पण खाली बसलेली गाडी कमी कलते ना?" हा प्रश्न हमखास येतो. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जातो, हे चार गोष्टींवर ठरतं: वस्तुमान, वळणाचं त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी. या यादीत स्प्रिंग नाही. स्प्रिंग फक्त तो भार पुढे-मागे कसा वाटायचा ते ठरवते. समजा ड्रायव्हर धरून 1000 किलो, 0.7 g, उंची 55 सेंमी आणि रुंदी 1.22 मीटर. सरकणारा भार होतो सुमारे 316 किलो. गाडी फक्त पुढून 40 मिमी खाली आली, तर गुरुत्वमध्य साधारण 20 मिमी खाली येतो आणि तोच आकडा 304 होतो. म्हणजे 12 किलोंच्या फायद्यासाठी मी चाकाची निम्मी हालचाल घालवली.

मग तिसरी फेरी. भंगारवाल्याकडून न कापलेली जोडी मिळवली आणि ए-बी-ए पद्धतीने चाचणी घेतली: आधी कापलेली, मग न कापलेली, मग पुन्हा कापलेली. शेवटी परत ए कशासाठी? दिवसभरात ड्रायव्हर शिकत जातो, ट्रॅक तापतो, टायर झिजतात. नुसतं ए-बी केलं तर बी चांगला आला की मी सरावले, हे कळायला मार्ग नाही. प्रत्येक वेळी पाच लॅप, टायरमधली हवा तेवढीच, पेट्रोल जवळपास तेवढंच. गाडीची उंची बदलली की चाकांचा टो बदलतो, म्हणून तो दर वेळी दोऱ्याने मोजून सारखा केला. स्प्रिंग काढ-घाल मिस्त्रीकाकांनी कंप्रेसर लावून केली. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात मोडेल एवढी ऊर्जा असते, हे काम एकट्याने करू नका.

निकाल: न कापलेल्या स्प्रिंगांवर सरासरी 0.8 सेकंद कमी लागले. एका संचातल्या पाच लॅपमधला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत होता आणि दोन्ही ए संच जवळजवळ सारखे आले. म्हणून हा फरक मी खरा मानते. संचातलाच फरक दीड सेकंद असता, तर 0.8 ला काही अर्थ नव्हता. म्हणजे ते 2 सेकंद टायर, शॉकअप आणि माझा सराव यांनी मिळून दिले होते. स्प्रिंगने उलट त्यातून कापून घेतले. टायरचे किती आणि शॉकअपचे किती, हे मला आजही सांगता येत नाही, कारण ते मी वेगळे करून तपासलेच नाहीत.

आज तेच 30 हजार हातात आले तर क्रम असा लावेन. आधी झिजलेले रबरी बुश आणि जॉइंट बदलायचे. चाकच डुलत असेल तर पुढचं कुठलंही मोजमाप व्यर्थ आहे. मग अलाइनमेंट आणि टायरमधली हवा. हवा बदलून बघणं तर फुकटच. मग टायर, मग शॉकअप. स्प्रिंग सगळ्यांत शेवटी, आणि बदलायचीच तर योग्य कडकपणाची तयार घ्यायची. कापलेलं टोक बैठकीत नीट बसेलच असं नाही आणि गॅसने कापली तर उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं.

शॉकअप मेलाय का, हे फोनवर कळतं. फायफॉक्स हे अ‍ॅप फोनमधल्या त्वरणमापकाचा आलेख काढतं. फोन बॉनेटवर चिकटवा, तो कोपरा दाबून सोडा आणि लागोपाठच्या शिखरांची उंची बघा. अवमंदन गुणोत्तर 0.1 असेल तर पुढचं शिखर आधीच्या साधारण निम्मं येतं, 0.3 असेल तर जेमतेम सातवा हिस्सा. जुन्या सांध्यांमधलं घर्षणही यात मिसळतं, म्हणून हा आकडा ढोबळ आहे. पण बदलायच्या आधी आणि नंतर तुलना करायला पुरतो. पहिल्या फेरीआधी मी हे दहा मिनिटांचं काम केलं असतं, तर शॉकअपचं श्रेय शॉकअपला मिळालं असतं.

तो मुलगा आता स्प्रिंगा न कापता टायरच्या हवेपासून सुरुवात करतोय. वहीत तारीख, हवा, तापमान आणि लॅप असे रकाने आखून त्याने मला फोटो पाठवला. मागच्या पोस्टवर मी 'निष्कर्ष चुकीचा, दुरुस्ती वाचा' असं लाल अक्षरात लिहिलंय. ती काढून टाकणार नाही. कापलेल्या स्प्रिंगांची जोडीही माझ्या टेबलावर ठेवली आहे, कागदांवर वजन म्हणून.