सागाची खुर्ची राखी का पडते?

वरळीला समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत सागवानी आरामखुर्ची ठेवली, की काही पावसाळ्यांत तिचा तपकिरी रंग जाऊन ती राखी दिसू लागते. ‘कुजली!’ म्हणून घरची मंडळी ती भंगारवाल्याला देऊ पाहतात. त्याआधी एक टोचा घ्या आणि खुर्चीच्या पायात दाबून पाहा. टोक सहज आत रुतले नाही, तर लाकूड शाबूत आहे.

मग रंग का गेला? लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन हा पदार्थ जखडून ठेवतो. सूर्याच्या जंबुपार किरणांनी लिग्निनचे रेणू तुटतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फिकट तंतू उरतात. हा थर इतका पातळ असतो, की पॉलिश कागदाने घासल्यावर खाली जुना रंग दिसतो.

कुजणे हे बुरशीचे काम. लाकडात सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर ती सहसा वाढत नाही. पण पावसात भिजणाऱ्या खुर्चीत पाणी याहून जास्त असते. तरीही साग टिकतो, कारण त्याच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. ती बुरशीला आणि वाळवीला मानवत नाहीत. शिवाय साग फुगतो-आटतो कमी, त्यामुळे सांधे ढिले होत नाहीत. (खोडाच्या बाहेरच्या फिकट भागात हा टिकाऊपणा नसतो. खुर्ची विकत घेताना फिकट पट्टे जरूर पाहावेत!)

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेली ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. डेन्मार्कमध्ये तर साग उगवतही नाही. तरी १९५० च्या सुमारास फिन यूल, हान्स वेग्नर यांसारख्या रचनाकारांनी परदेशी साग आणवून नावाजलेल्या खुर्च्या घडवल्या.

वरळीत खुर्ची मोडते ती बहुधा खिळ्यांमुळे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ ओलाव्यात विरघळते, त्या द्रावणातून वीज सहज वाहते आणि लोखंड झपाट्याने गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून भोवतालचे लाकूड तडकते. तेव्हा सुताराकडून पितळी स्क्रू बसवून घ्या. व्हार्निश मात्र नको. उन्हाने त्याला भेगा पडतात आणि आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही.