लेकराचा श्वास मोजा, गेलेलं पाणी भरा

आपल्या पुसेगावात पाऊस लागला की घराघरांतून दोन तक्रारी ऐकू येतात. एकीचं लेकरू खोकतंय, दुसरीच्या लेकराला संडास लागलीय. आपण म्हणतो, हवा बदलली, नाहीतर दात येत असतील. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत बरंही वाटतं. पण पाच वर्षांखालची लेकरं ज्या आजारांनी दगावतात, त्यांत न्यूमोनिया आणि हगवण अजूनही आहेत. दवाखाना कधी गाठायचा हे घरातच ओळखता आलं, तर पुष्कळ लेकरं वाचतात. आज तेवढंच बोलू.

आधी खोकल्याचं. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि ‘एक सुई मारा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. न्यूमोनियात मात्र जंतू फुप्फुसात उतरतात, तिथे पू-पाणी साठतं, हवेला जागा उरत नाही. मग लेकरू भराभर श्वास घेतं. जुन्या बाया म्हणतात ना, ‘पोट उडतंय’, ते हेच. त्यांची नजर बरोबर होती. त्यावर बिब्बा घालायचा उपाय मात्र चूक. त्याने कातडी भाजते, फुप्फुसाला काही होत नाही.

हे ‘भराभर’ मोजता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1980 च्या दशकाच्या शेवटी गावातल्या दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. अनेकींना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी केली, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी सरकला आणि वाळू अजून पडतेच आहे, म्हणजे न्यूमोनिया. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत याचा अहवाल आला. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या लेकरांत शंभरात एकही मृत्यू नाही, इतकं प्रमाण खाली आलं. जिथे ही सोय नव्हती, तिथे ते तेराच्या वर होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी हे केलं, मग आपल्याला का जमू नये?

लेकरू शांत असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. रडताना किंवा पिताना मोजू नका. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. अगदी तान्ह्या बाळाचा श्वास कमी-जास्त होत असतो, त्याचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा नुसतंच पडून असेल, तर मोजत बसू नका. 108 ला फोन लावा.

आता हगवण. आमच्यातल्या एकीने आपल्या लेकराला दिवसभर पाणीच दिलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, पाणी पाजलं की जास्तच होतं. संध्याकाळी डोळे खोल गेले, तोंड सुकलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर येत होती. लेकरू वाचलं, पण तो दिवस ती विसरली नाही. हगवणीत धोका असतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाण्याचा.

1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. नातेवाईकच वाट्या भरून पाजत होते. मृत्यू शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या आत आले. आशाताईंकडचं ओआरएसचं पाकीट म्हणजे तेच पाणी.

पण ते बनवण्यात आपण चुकतो. अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं पुडीत बांधून ठेवायचं, हे आम्हीही केलंय. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, पाणी उकळून गार केलेलं. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होऊन त्रास होतो. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटरला साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा, असे सपाट लहान चमचे. घोट-घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. सोबत झिंकची गोळी 14 दिवस, हगवण थांबली तरी. वयाप्रमाणे किती द्यायची ते आशाताई सांगतील.

शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा लेकरू काहीच पीत नसेल, तर दवाखान्यात न्या. वाटेतही पाजता येईल तेवढं पाजत राहा.

लसीही आहेत. हगवणीची रोटाव्हायरसची लस आपल्या राज्यात 2019 पासून, न्यूमोनियाची पीसीव्ही 2021 पासून फुकट मिळते. दोन्हींचा पहिला डोस दीड महिन्याला असतो. बाळाचं कार्ड काढून बघा, एखादा डोस राहिला असेल तर अंगणवाडीत पुढच्या लसीकरणाचा दिवस विचारून घ्या.