बाळंतपणाची फाइल आणि बाईचं हृदय

भोसरी, तळवडे, चाकण या आपल्या पट्ट्यात हृदयविकाराचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतो तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, सिगारेट ओढणारा पुरुष. ही समजूत फक्त लोकांची नाही, वैद्यकशास्त्रातही ती बराच काळ होती. 1982 साली अमेरिकेत हृदयविकाराच्या जोखमीवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 12,866 जण होते, आणि सगळेच्या सगळे पुरुष! प्रत्यक्षात आज जगभरात बायकांच्या दर तीन मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो.

मग निसटतं कुठे? आधी लक्षणं पाहू. छातीत दुखणं, दाब येणं हे बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण त्याच्या जोडीला दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विलक्षण थकवा हे त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक दिसतं. आणि या प्रत्येकाला आपल्याकडे उत्तर तयार असतं : ‘पित्त झालंय’, ‘शिफ्टचा शीण आहे’. सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री कंपनीच्या बसमधून उतरणारी, सकाळी पुन्हा डबे करणारी बाई दमणारच हो. पण रोजचाच जिना चढताना आता मध्ये थांबावं लागतंय, थांबलं की बरं वाटतंय, तर तो नुसता शीण समजू नका. तपासून घ्या.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. म्हणजे ती हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची एक परीक्षाच असते. त्या काळात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. गरोदरपणातल्या मधुमेहानेही धोका वाढतो. बाळंतपणानंतर बीपी उतरतं, साखर उतरते, आणि सगळे विसरून जातात. त्यात आपल्याकडच्या कितीतरी जणींचं बाळंतपण माहेरी, बीड, लातूर, नांदेडकडे झालेलं. फाइल तिकडे ट्रंकेत, आणि बाई इथे मोशीला भाड्याच्या खोलीत. इथल्या डॉक्टरांना ते कळणार कसं?

म्हणून तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांना आपणहून सांगा. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का? पाळी चाळिशीच्या आत गेली का, किंवा पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? मिश्री लावता का? हो, मिश्री हीदेखील तंबाखूच. ‘मी काही व्यसन करत नाही’ असं सांगताना ती हमखास गाळली जाते.

आता करायचं काय? तिशीनंतर बीपी आणि साखर तपासायची. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. कंत्राटी कामगारालाही हा हक्क असतो. बीपी पुन्हा पुन्हा 140/90 च्या वर येत असेल, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडू नका. कंबर 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तीही सूचनाच आहे.

आणि प्रत्यक्ष त्रास सुरू झाला तर? छातीवरचा दाब, सोबत घाम किंवा दम, आणि विश्रांती घेऊनही काही मिनिटांत थांबत नसेल, तर ओवा-सोडा घेत वाट बघू नका. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आपल्याला माहीत आहे. तिथे वेळ जाणारच आहे, निदान घरात तरी घालवू नका. 108 ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. स्वतः गाडी चालवत निघू नका. रुग्णालयात पोचताच ईसीजी काढायला सांगा; पोचल्यापासून दहा मिनिटांत तो व्हायला हवा. पहिला ईसीजी चांगला आला आणि त्रास चालूच असेल, तर पुन्हा काढायला सांगा. त्यात संकोच कसला?

एक काम मात्र आजच करा. माहेरी फोन लावा आणि आईला ती फाइल शोधायला सांगा. सापडली तर फोनवर फोटो मागवून ठेवा. नाहीच सापडली, तर निदान आईला विचारा, ‘तेव्हा माझं बीपी वाढलं होतं का गं?’